परदेशातील जवान आणि घरची दिवाळी

आपला सातारा जिल्हा सैनिकांचा जिल्हा म्हणून ओळखला जातो. अपशिंगे (मिलिटरी) या एकाच गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात धारातीर्थी पडले. आजही गावोगावचे तरुण फौजेत आहेत आणि त्यांपैकी काहींची नेमणूक देशाबाहेर, संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत होते. या कामाची सुरुवात भारताने एका वैद्यकीय पथकाने केली. १९५० साली कोरियात गेलेले ६० पॅराशूट फील्ड अ‍ॅम्ब्युलन्स हे ते पथक. त्यानंतर कांगो, लेबनॉन, गोलान टेकड्या, दक्षिण सुदान अशा अनेक ठिकाणी आपल्या पलटणी गेल्या. आजवर २,९०,००० हून अधिक भारतीयांनी शांतिसेनेत काम केले आहे.

असा जवान साधारण वर्षभर घरापासून दूर राहतो आणि त्या वर्षात एक दिवाळी येतेच. ‘त्याच्यासाठी इकडून काय करावे?’ असे सणाच्या आधी अनेक आई-वडील व पत्नी विचारतात. वाचकहो, फराळ जरूर पाठवा. परंतु वैद्यकीय दृष्टीने त्याहून मोलाच्या दोन गोष्टी आहेत. एक म्हणजे घरातील माणसांनी नीट सांभाळलेली स्वतःची प्रकृती आणि दुसरी म्हणजे त्या प्रकृतीची खरी बातमी.

जेवणाखाण्याची काळजी किती करावी?

पहिल्या महायुद्धात इराकमधील कूत येथे ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ असा वेढा पडला. त्यात मराठ्यांच्या १०३, ११० व ११७ क्रमांकाच्या पलटणी अडकल्या होत्या. ताजी भाजी नसल्याने हिंदी शिपायांना ‘क’ जीवनसत्त्वाच्या अभावाचा स्कर्व्ही रोग झाला. पांढऱ्या पिठाचा पाव खाणाऱ्या गोऱ्या शिपायांना ‘ब’ जीवनसत्त्वाच्या अभावाने बेरीबेरी झाला. कणकेची रोटी खाणारे आपले शिपाई बेरीबेरीपासून मात्र बचावले. दूर गेलेल्या शिपायाचा तेव्हा पहिला शत्रू म्हणजे अपुरे अन्न.

आज ती स्थिती नाही. पलटणीचा स्वतःचा लंगर असतो, सणाला बडाखाना होतो. सोबत लष्करी डॉक्टर असतात. कांगोत गोमा येथे व दक्षिण सुदानमध्ये मलाकल येथे भारतीय लष्करी डॉक्टरांनी रुग्णालये चालविली आहेत. तेव्हा ‘पोरगं उपाशी असेल’ ही चिंता आईने मनातून काढून टाकावी. त्याला उणीव भासते ती घराची.

फराळ पाठविताना

१) पार्सल कोणत्या मार्गाने पोहोचेल व काय चालेल, हे आधी जवानालाच विचारावे. बहुधा सुट्टीवरून परतणाऱ्या सोबत्याकडे डबा देणे सोयीचे पडते.

२) शंकरपाळी, चकली, शेव, पातळ पोह्यांचा चिवडा, बेसनाचे लाडू हे कोरडे पदार्थ टिकतात. ओल्या नारळाच्या करंज्या, खव्याचे पदार्थ पाठवू नयेत. तळणीसाठी ताजे तेल वापरावे आणि पदार्थ पूर्ण गार झाल्यावरच हवाबंद डब्यात भरावेत. खवट वास आलेला फराळ किंवा बुरशी धरलेले शेंगदाणे पुसून खाऊ नयेत, टाकून द्यावेत, हेही त्याला सांगावे.

३) अनारसे व करंजीच्या सारणातील खसखस टाळावी. संयुक्त अरब अमिरातीत खसखस नेण्यास बंदी आहे. डबा नेणाऱ्याचे विमान दुबईमार्गे जाणार असेल तर त्या बिचाऱ्यावर नसते बालंट येईल.

४) चूर्ण, काढ्याच्या पुड्या, सुट्या गोळ्या डब्यात घालू नयेत. त्याला औषध लागलेच तर ते पलटणीचे डॉक्टर देतील.

फोन केव्हा व कसा

दक्षिण सुदान किंवा पूर्व कांगोतील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. आपण पहाटे पाचला अभ्यंगस्नान उरकून उत्साहाने फोन लावतो, तेव्हा तिकडे रात्रीचा दीड वाजलेला असतो. पहारा करून आलेल्या जवानाची झोप मोडणे म्हणजे त्याच्या प्रकृतीशी खेळ. संध्याकाळी सातचे लक्ष्मीपूजन म्हणजे तिकडची दुपारची साडेतीनची वेळ, बहुधा कामाची. म्हणून वेळ त्यालाच ठरवू द्यावी.

एकाच फोनवर दहाजणांनी दोन-दोन वाक्ये बोलण्यापेक्षा रोज एकाने निवांत बोलावे. भाऊबीजेचा फोन बहिणीसाठी राखून ठेवावा. बांधाचा तंटा, सासू-सुनेची कुरबूर, उसाचे थकलेले बिल हे विषय सणाच्या फोनवर काढू नयेत. तिथून त्याला त्यात काहीच करता येत नाही आणि रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही. तिकडे जाळे मिळत नाही, गस्त लांबते. ‘दोन-तीन दिवस फोन आला नाही तर घाबरायचे नाही’ असे दोन्ही बाजूंनी आधीच ठरवून घ्यावे.

आजार लपवू नका

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच. साठी ओलांडलेल्या एका गृहस्थांचा मुलगा दक्षिण सुदानमध्ये होता. त्यांना चढ चढताना छातीत दडपण येई, थांबले की बरे वाटे. त्यांनी पत्नीला बजावले, ‘पोराला कळलं तर तिकडं त्याचा जीव लागायचा न्हाई. दिवाळी होऊ द्या, मग बघू.’ लक्ष्मीपूजनाच्या रात्री छातीत कळ आली, घाम फुटला. गॅस झाला समजून सोडा पाजला, छातीला बाम चोळला. रुग्णालयात पोहोचेपर्यंत पहाट झाली. जीव वाचला, पण हृदयाचा स्नायू कायमचा दुबळा झाला आणि आता शेताच्या बांधापर्यंत जातानाही त्यांना धाप लागते. मुलाला ही बातमी कळली ती गावातील एका मित्राच्या मोबाईलवरील अर्धवट संदेशातून. पुढचे दोन दिवस तो झोपेविना, हातात रायफल घेऊन पहारा देत होता.

ज्याच्या काळजीपोटी आजार लपविला, त्यालाच शेवटी सर्वांत मोठा धक्का बसला. वेळीच तपासणी झाली असती तर बहुधा गोळ्यांवर किंवा एका लहानशा शस्त्रक्रियेवर भागले असते आणि मुलाला सांगायची बातमीही सौम्य असती.

म्हणून घरातील वडीलधाऱ्यांनी रक्तदाब, मधुमेहाची तपासणी सणाआधी करून घ्यावी आणि गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या आणून ठेवाव्यात. छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, घाम, अचानक तोंड वाकडे होणे, हातपाय लुळा पडणे, बोलणे अडखळणे यांपैकी काहीही झाले तर ताबडतोब १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. सण, रात्र, पाहुणे काही पाहू नये. जवानावर अवलंबून म्हणून नोंद असलेल्या कुटुंबीयांना लष्करी रुग्णालयात उपचार मिळतात. मात्र अशा वेळी आधी जवळचे रुग्णालय गाठावे, कागदपत्रे मागाहून.

जवानाला बातमी कोणी द्यायची, तो एक माणूस घरात ठरलेला असावा. त्याने चार गोष्टी या क्रमाने सांगाव्यात : काय झाले, काय उपचार केले, आता प्रकृती कशी आहे, आणि त्याने काही करायचे आहे का. ‘नानांना दवाखान्यात नेलंय’ एवढे बोलून फोन ठेवणे हे न सांगण्यापेक्षाही वाईट. एकदा खोटे बोलल्याचे कळले की पुढच्या प्रत्येक ‘सगळं ठीक आहे’ वर त्याचा विश्वास राहत नाही.

पूर्वी घरून तार जात असे. जुलै २०१३ मध्ये ती सेवा बंद झाली. आता घरात एका कागदावर त्याचा आर्मी नंबर, हुद्दा, पलटणीचे नाव, पलटणीचा फोन आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा फोन लिहून ठेवावा. हा कागद शिकलेल्या नातवंडालाही ठाऊक असावा. तो मोबाईलवरून मात्र कोणालाही पाठवू नये, आणि पलटणीचा ठावठिकाणा गावाच्या ग्रुपवर टाकू नये.

पत्नीकडेही लक्ष हवे

सून सणाचे सारे करते, सासऱ्यांची औषधे पाहते, मुलांचा अभ्यास घेते आणि तिला कोणी विचारत नाही. दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप न लागणे, सतत उदास वाटणे, कशातच मन न रमणे, जेवण तुटणे ही नैराश्याची लक्षणे आहेत. ‘सवय होईल’ म्हणून सोडून देऊ नये. डॉक्टरांना दाखवावे. टेलिमानस या शासकीय सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत सल्ला मिळतो. ‘जगण्यात अर्थ नाही’ असे ती बोलून गेली तर तिला एकटी सोडू नये, त्याच दिवशी उपचार सुरू करावेत.

दूरचित्रवाणीवर त्या देशातील गोळीबाराची बातमी लागली की घरच्यांचा रक्तदाब चढतो. कांगो हा देश महाराष्ट्राच्या सातपटीहून मोठा आहे. तिथल्या प्रत्येक बातमीचा संबंध आपल्या मुलाशी नसतो. बातमी एकदा ऐकावी आणि संच बंद करावा.

सुट्टीवर आल्यानंतरचा ताप

आफ्रिकेतील फाल्सिपारम जातीचा हिवताप जीवघेणा ठरू शकतो. तिकडून आल्यावर काही आठवड्यांनी, क्वचित काही महिन्यांनीही तो उद्भवतो. जवान घरी आल्यावर ताप आला तर ‘हवापालट झाली’ म्हणून थांबू नये. त्याच दिवशी रक्त तपासावे आणि ‘हा आफ्रिकेतून आला आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगावे. प्रतिबंधक गोळ्या परतल्यावरही लष्करी डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्याव्या लागतात. घरी आलो म्हणून त्या बंद करू नयेत. मेफ्लोक्विन या गोळीने काहींना भयानक स्वप्ने पडतात, बेचैनी येते. फोनवर त्याने तसे सांगितले तर थट्टा न करता ‘डॉक्टरसाहेबांना लगेच दाखव’ असे म्हणावे.

शेजाऱ्यांनाही एक विनंती. ज्या घरचा मुलगा दूर आहे, तिथल्या म्हाताऱ्यांना या आठवड्यात कोणीतरी मोटरसायकलवर बसवून तपासणीला न्यावे. रात्री-अपरात्री त्यांच्या हाकेला कोण धावेल, त्या दोघांची नावे आत्ताच ठरवावीत आणि जवानाला कळवावीत.