४.३ खुल्या अवकाशातील भय : बोहाड्याच्या निमित्ताने

बंदिस्त नाट्यगृहातील भय प्रेक्षक सुरक्षित अंतरावरून अनुभवतो. प्रयोग उघड्यावर, प्रेक्षकांच्या मधोमध घडू लागला, की हे अंतर मिटते. पालघर व नाशिक जिल्ह्यांच्या आदिवासी भागातील बोहाडा या दृष्टीने अभ्यासण्याजोगा आहे.

बोहाड्यात गावाची वाट हाच रंगमंच असतो. रात्री मशालींच्या उजेडात, संबळाच्या ठेक्यावर देवदानवांची सोंगे नाचत येतात; प्रेक्षक वाटेच्या दुतर्फा असतात. मुखवट्यावरील भाव स्थिर असतात. परंतु हलत्या ज्योतीने सावल्या बदलतात आणि मुखवटा सजीव भासतो. म्हणजेच अंधार, नाद व सान्निध्य यांतून भय निर्माण होते. देवीच्या हातून होणाऱ्या महिषासुरवधाने त्याचे शमनही होते.

असा प्रयोग उभारताना दिग्दर्शकाने पुढील बाबी लक्षात घ्याव्यात :

१. प्रखर दिव्यांनी अवकाश सपाट होतो. मात्र पायाखालची वाट दिसलीच पाहिजे.
२. मशालीजवळ वाळू व पाणी ठेवावे.
३. भ्यालेल्या प्रेक्षकाला बाहेर पडण्यास मोकळी वाट असावी. नटाने त्याला संमतीविना स्पर्श करू नये.

बोहाड्यातील सोंग हे श्रद्धेचा भाग आहे. त्याचे रचनातत्त्व अभ्यासावे. देवतेचा मुखवटा केवळ घाबरवण्यासाठी वापरणे म्हणजे त्या परंपरेचा अर्थच गमावणे होय.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न : तुमच्या परिसरातील एखादी मोकळी जागा निवडून तेथील भयनाट्याच्या प्रयोगात प्रेक्षकांचे स्थान कोठे असेल, ते सकारण लिहा.