शाळेत मोबाइल असावा की नसावा?

वाचावयाचा शास्त्रभाग : १ करिंथ. ६:१२, अनुवाद ६:६, ७.

चुडाव्यासारख्या गावी पूर्वी शाळकरी मुलाच्या पिशवीत पाटी असे. आता कित्येकांच्या पिशवीत मोबाइल असतो. तो शाळेत नेऊ द्यावा काय? दोन्ही बाजू तोलून पाहणे हे आईबापांचे कर्तव्य होय.

बंदीच्या बाजूने : शिकत असता मुलाचे चित्त एकदा फोनाकडे गेले, म्हणजे ते पाठावर पुन्हा स्थिरावण्यास वीस मिनिटांपर्यंत वेळ लागू शकतो, असे युनेस्कोच्या २०२३ च्या अहवालात म्हटले आहे. म्हणजे चाळीस मिनिटांचा अर्धा तास गेलाच. फ्रान्स देशाने २०१८ साली कायदा करून लहान मुलांच्या शाळांत फोन वापरण्यास मनाई केली. शिवाय, एकाच्या हाती महागडा फोन व दुसऱ्याच्या हाती काहीच नाही, यामुळे गरिबाचे लेकरू मनात खट्टू होते.

विरुद्ध बाजूने : २०२० च्या मार्चात शाळा बंद झाल्या, तेव्हा पाठ फोनावरच येत. ज्या घरचा एकुलता फोन बापाबरोबर शेतात जाई, तेथील मुले मागे पडली. आमच्या मराठवाड्यातून ऊसतोडीस गेलेल्या आईबापांची मुले पुष्कळदा आजीजवळ राहतात. त्यांस आईचा शब्द ऐकविणारे साधन तेच. पूर्णा किंवा नांदेड येथे आगगाडीने शिकावयास जाणाऱ्या मुलीची गाडी चुकली, तर तिने घरी निरोप कसा धाडावा?

आता पौलाची कसोटी लावू. मोकळीक असलेली गोष्ट हितकारक आहे काय, व ती आपली धनीण तर होत नाही ना, असे तो पाहावयास शिकवितो. वर्गात फोन या कसोटीस उतरत नाही. यास्तव आमचे मत असे की, ज्यास गरज आहे त्याने तो आणावा, मुख्याध्यापकांच्या स्वाधीन करावा व सुटीच्या घंटेनंतर परत घ्यावा. मध्येच अगत्याचा निरोप आल्यास तो शाळेने पोहोचवावा.

परंतु शाळेचा नियम घरी मोडला, तर व्यर्थ होय. २०२२ साली यवतमाळ जिल्ह्यातील बान्सी गावाने अठरा वर्षांखालील मुलांस मोबाइलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे सायंकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास घरोघर मोबाइल व दूरदर्शन संच बंद ठेवण्याची रीत घातली. दुसऱ्या गावाची रीत आम्हांस अधिक पसंत वाटते. कारण तीत वडिलांनीही आपणांस बांधून घेतले. जेवताना बापाची दृष्टी फोनावर खिळली असेल, तर त्याचा उपदेश मुलाने का ऐकावा? मोशेने आईबापांस घरी बसता व वाटेने चालता मुलांस शिकविण्याची आज्ञा दिली. त्यासाठी प्रथम आपले हात व कान मोकळे हवेत.

विचारासाठी प्रश्न : १. आपल्या घरी फोन चाकर आहे की धनी? २. आपल्या मंडळीतील कुटुंबे सायंप्रार्थनेच्या वेळी फोन बाजूस ठेवण्यास केव्हा आरंभ करतील?