आधी अक्षरांचे पाय मोड

गो बाय,

परवा फोनवर तू शाळेतल्या कंप्युटरसाठी करतेयस त्या फोनिक्सच्या, म्हणजे अक्षरांच्या आवाजांवरून इंग्रजी वाचायला शिकवणाऱ्या कार्यक्रमाबद्दल भरभरून सांगत होतीस. उड्या मारणारा ससा, टाळ्या, चांदण्या. बरं वाटलं ऐकून. पण 'पी'चा आवाज कसा भरलायस विचारलं, तर म्हणालीस, "'प' म्हणजे 'प', त्यात काय गो ताई?" अगो, त्यातच सगळं आहे!

माझी फजिती ऐक. मीही एकदा हा खटाटोप केला होता. पडद्यावर पी, आय, एन. अक्षरावर क्लिक केलं की माझा आवाज: प, इ, न. पहिलीच्या पोरांनी ते जोडून एका सुरात वाचलं, "पइन!" पिन कुणालाच सापडली नाही. चूक माझी होती. आपला 'प' पोटात 'अ' घेऊनच येतो. तो काढायचा तर अक्षराचा पाय मोडायला हवा: प्. ओठ मिटायचे आणि नुसती हवा सोडायची, गळा गप्प. मग प्, इ, न् आपोआप जुळतात. शिवाय हे जुळवणं पोरांना येतंच. 'प'ला पहिली वेलांटी 'पि', ही बाराखडी म्हणजे दुसरं काय आहे?

मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीलाच इंग्रजी आलं, तरी कितीतरी ठिकाणी अजून एबीसीडीची नावंच घोकली जातात. 'एच' या नावात 'ह' कुठे ऐकू येतो, सांग. त्यात अक्षरं २६ आणि आवाज ४४च्या आसपास. म्हणून सगळे एकदम आणू नकोस. 'जॉली फोनिक्स'वाले एस, ए, टी, आय, पी, एन या सहांपासून सुरू करतात, कारण एवढ्यांत पुष्कळ छोटे शब्द होतात. तू त्यातले पोरांच्या तोंडात आधीच असलेले घे. पिन आईच्या पदराला असते, पॅन्ट अंगात असते. पिनच्या आधी स् लावला की स्पिन, आणि किनाऱ्यावर क्रिकेट खेळणाऱ्याला स्पिन काय ते समजवावं लागत नाही. 'ए'च्या ॲ आवाजासाठी आपला चंद्र आहेच. पुढे 'नेट' आलं की टेनिसचं नको, रापणीच्या जाळ्याचा फोटो टाक. 'शिप' आणि 'शीप' यांतला फरक आपल्याच कानांना पटकन कळत नाही, 'व्ही' आणि 'डब्ल्यू' दोन्ही आपल्याला 'व'च. ते सावकाश घे.

आवाज भरताना खिडक्या लावून घे. मी पडवीत बसून 'स्' भरला होता. वर्गात लावला तर एक पोरगा म्हणतो, "बाईनू, हय दर्या वाजता!" खरंच, मागे गाज होती. मग घरात डोक्यावर गोधडी घेऊन, घामाघूम होत सहाही आवाज पुन्हा भरले.

पोरगं चुकलं की भोंगा वाजवू नकोस. फिनलंडच्या युवास्क्युला विद्यापीठातून 'ग्राफोगेम' नावाचा असाच खेळ निघाला. आवाज ऐकायचा आणि त्याचं अक्षर पकडायचं. त्यात मुलाला जमेल तसा खेळ सोपा-अवघड होत जातो. तूही तसंच कर. चुकलं तर तोच आवाज हळू ऐकव, पुढचा शब्द सोपा दे. दहादा विचारलं तरी कंप्युटर वैतागत नाही, तेवढी त्याची कमाई. पोरगं 'पइन' म्हणतंय की 'पिन', हे मात्र तुलाच शेजारी बसून ऐकावं लागेल.

आणि सगळं इंटरनेटशिवाय चालू दे. पावसात रेंज जाते. २०२१च्या तौक्ते वादळात तर वीजही कशी दिवसच्या दिवस गेली होती, आठवतंय ना? म्हणून तेच शब्द जाड पुठ्ठ्यावरही लिहून ठेव.

ससा राहू दे बाजूला. आधी ते सहा आवाज मला व्हॉट्सॲपवर पाठव. डोळे मिटून ऐकते. एकाच्याही पोटात 'अ' सापडला, की परत पाठवीन!

तुझी ताई