टाकाऊपासून टिकाऊ : जुन्या वस्तूला नवं आयुष्य देताना



‘टाकाऊपासून टिकाऊ’ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, बाटलीवर चिकटवलेली लेस, पुठ्ठ्याचा पेनस्टँड. कार्यानुभवाच्या तासाला आपण सगळ्यांनी हे केलंय आणि मुलांकडून करूनही घेतलंय. पण खरं सांगू? प्रदर्शन संपलं की आठ दिवसांत यातल्या बहुतेक वस्तू कचऱ्याच्या डब्यात जातात. त्यासाठी बाजारातून आणलेला नवा गोंद, नवा चकाकीचा कागद, नवे मणी हेही त्यांच्याबरोबर जातात. म्हणजे आपण टाकाऊपासून टाकाऊच तयार केलं!

म्हणून आजच्या पाठात थोडं वेगळं करू. एखादी खरीखुरी जुनी वस्तू घ्यायची, मग ती माळ्यावरची असो, भंगारवाल्याकडची असो किंवा जुन्या बाजारातली. ती समजून घ्यायची, दुरुस्त करायची आणि पुन्हा रोजच्या वापरात आणायची. हा छंद स्वस्त आहे, मोठ्यांनाही लागतो आणि यात विज्ञान, गणित, इतिहास, भाषा सगळं येतं.

ही गोष्ट आपल्याला नवीन नाही

जुन्या नऊवारीची गोधडी होते, गोधडी विरली की तिचं पायपुसणं होतं. मिठाईच्या रिकाम्या डब्यात सुई-दोरा जातो. हे आपल्या आज्यांना कोणी शिकवायला आलं नव्हतं. पुण्यात बुधवारी आणि रविवारी जुना बाजार भरतो, मुंबईत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जुन्या सामानाची दुकानं आहेत. गावोगावच्या आठवडी बाजारातही एका कोपऱ्यात पोत्यावर जुन्या कड्या-कुलपं मांडलेला एखादा माणूस दिसतोच.

पुण्याचं राजा दिनकर केळकर संग्रहालय तुम्ही मुलांना दाखवलं असेल. नसेल तर जरूर दाखवा. दिनकर केळकर यांनी साधारण 1920 पासून वस्तू जमवायला सुरुवात केली आणि 1975 मध्ये तो संग्रह महाराष्ट्र शासनाकडे सोपवला. त्यांनी काय जमवलं? दिवे, अडकित्ते, भांडी, दरवाजे, वाद्यं. म्हणजे सामान्य घरांतल्या वापरातल्याच वस्तू. लोक ज्या मोडीत काढत होते, त्यांत त्यांना इतिहास दिसला. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या स्मरणार्थ संग्रहालयाला त्याचं नाव दिलं आहे. एखादी वस्तू आठवण कशी जपते, हे मुलांना सांगायला याहून चांगलं उदाहरण मला सापडलेलं नाही.

आधी माझी चूक

कृतीकडे जाण्याआधी माझी एक चूक सांगते, म्हणजे तुमची टळेल.

आमच्या माळ्यावर आजीची पितळी कळशी होती. काळीकुट्ट झालेली, एका बाजूला पोचा आलेला. मी उत्साहाने ती पॉलिशवाल्याकडे नेली आणि ‘अगदी नव्यासारखी करा’ म्हणून सांगितलं. त्याने मशीनवर घासून आरशासारखी करून दिली. घरी आणली, आईपुढे ठेवली. आईने ती फिरवून फिरवून पाहिली आणि विचारलं, “नाव कुठं गेलं गं?”

कळशीच्या खांद्यावर बारीक ठिपक्यांनी आजीचं माहेरचं नाव घातलेलं होतं. लग्नात तिचं नाव बदललं. पुढे रेशनकार्डावर, मतदार यादीत, अगदी घरच्यांच्या तोंडीही नवंच नाव राहिलं. जुनं नाव लिहिलेली घरातली ती एकच जागा होती. आधीच झिजलेले ते ठिपके मशीनने पुसून टाकले. मी साधा फोटोसुद्धा काढला नव्हता. पुन्हा नाव घालून घ्यावं का, यावर आमच्या घरात अजून एकमत नाही. आई म्हणते, “ते तिच्या वडिलांनी घातलेलं नाव होतं. आता आपण घालू ते आपलं.”

तेव्हापासून वर्गात पहिला नियम फळ्यावर लिहिते : आधी वाचा, मग घासा. वस्तू सगळ्या बाजूंनी पाहा. नाव, साल, कारखान्याचा शिक्का, जुनी डागडुजी, हाताने झिजलेली जागा, सगळं टिपून ठेवा आणि फोटो काढा. कुठला डाग म्हणजे नुसता मळ आणि कुठला डाग म्हणजे माहिती, हे ठरल्याशिवाय हातात घासणी घ्यायची नाही.

काय घ्यावं, काय घेऊ नये?

सुरुवातीला लाकडी स्टूल, पाट, पितळी डबा, लोखंडी तवा, चित्राची चौकट अशा साध्या वस्तू घ्या. लाकूड घेताना ते टेबलावर आपटून पाहा. बारीक छिद्रांतून पिठासारखा भुसा पडला तर किडा अजून आत आहे असं समजा. अशी वस्तू घरातल्या इतर लाकडाजवळ नेऊ नका.

पितळेची पारख मला सातवीतल्या एका मुलाने शिकवली. त्याचे वडील हातगाडीवर भंगार गोळा करतात. एरवी तो वर्गात मान खाली घालून बसायचा. मी आणलेला ‘पितळी’ दिवा पाहून तो हळूच म्हणाला, “बाई, चुंबक लावून बघा.” चुंबक टचकन चिकटलं! आत लोखंड, वर नुसता पितळेचा मुलामा. मग तांबं कोणतं, पितळ कोणतं, जस्त कोणतं, हे त्याने वर्गाला रंगावरून आणि वजनावरून ओळखून दाखवलं. त्या तासाला मी मागच्या बाकावर बसले होते. आपल्या वर्गात असं ज्ञान असलेली मुलं असतात, पण आपण त्यांना तो प्रश्नच विचारत नाही.

काही वस्तू मात्र मुलांसाठी पूर्ण वर्ज्य : जुनी विजेची उपकरणं, जुने जाड टीव्ही (बंद असले तरी आत धोकादायक विद्युतभार राहू शकतो), बॅटऱ्या, गॅसच्या शेगड्या, प्रेशर कुकर.

कृती 1 : पितळ आणि तांबं

पितळ काळवंडतं कारण त्यातल्या तांब्याचा हवेशी संयोग होऊन पृष्ठभागावर ऑक्साइडसारखे थर बसतात. चिंचेत टार्टारिक आम्ल आणि लिंबात सायट्रिक आम्ल असतं, ते हे थर विरघळवतं. चिंचेचा कोळ आणि मीठ लावा, पाच-दहा मिनिटांनी मऊ फडक्याने चोळा, भरपूर पाण्याने धुवा आणि लगेच कोरडं करा. ओलं ठेवलं तर पुन्हा डाग पडतात. कोरलेल्या नावावर तारेची घासणी कधीच लावू नका.

मुलांना इथे एक प्रश्न विचारा : चिंचेने पितळ स्वच्छ होतं, मग पितळी भांड्यात चिंचेची आमटी का करत नाहीत? विचार केला की उत्तर त्यांचं त्यांनाच मिळतं. आम्लात तांबं उतरतं आणि ते पोटाला बरं नाही. म्हणून आतून कल्हई हवी. कल्हईवाला भांडं तापवतो, त्यावर नवसागर टाकतो, कथील फिरवतो आणि कापसाच्या बोळ्याने पसरवतो. कथील साधारण 232 अंश सेल्सिअसला वितळतं, पितळ त्याहून कितीतरी जास्त तापमानाला, म्हणून भांडं तसंच राहतं आणि कथील पसरतं. नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड. तापल्यावर त्यातून निघणारं आम्ल धातूचा पृष्ठभाग स्वच्छ करतं, म्हणून कथील घट्ट बसतं. तो पांढरा धूर नाकात जाऊ देऊ नये. हे काम कल्हईवाल्यालाच द्या, आणि शक्य असेल तर त्याला शाळेच्या अंगणात बोलवा. रसायनशास्त्राचा इतका चांगला प्रयोग आपल्या प्रयोगशाळेत होत नाही.

कृती 2 : गंजलेलं लोखंड

सुटा गंज तारेच्या ब्रशने काढा. मग वस्तू व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवून ठेवा. सकाळी घासून धुवा आणि खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून काढा. उरलेलं आम्ल सोड्याने उदासीन होतं. ‘आम्ल आणि आम्लारी’ हा धडा मुलांना इथे डोळ्यांनी दिसतो, बुडबुड्यांसकट! शेवटी पूर्ण कोरडं करून तेलाचा हात फिरवा, कारण गंजायला हवा आणि पाणी दोन्ही लागतं. तवा असेल तर अगदी पातळ तेल लावून चांगला तापवा, असं तीन-चार वेळा करा. तापलेल्या तेलाचा घट्ट थर तव्यावर बसतो आणि पुढे डोसे सुटून येतात.

कृती 3 : डुगडुगणारं स्टूल

ही माझी आवडती कृती, कारण ती निम्मी गणिताची आहे.

प्रथम रोग ओळखा. स्टूल सपाट फरशीवर ठेवा. सांधे हलत असतील तर सांधा सैल झाला आहे. सांधे घट्ट असून एक पाय अधांतरी राहत असेल तर पाय आखूड आहे. मुलांना विचारा, तीन पायांचं स्टूल का डुगडुगत नाही? कारण एका रेषेत नसलेल्या तीन बिंदूंतून एकच प्रतल जातं, चौथ्या बिंदूला मात्र त्या प्रतलावर यावंच लागतं असं नाही. भूमितीच्या पुस्तकातलं हे वाक्य स्टुलावर बसून चांगलं समजतं.

सांधा सैल असेल तर वर नुसता खिळा ठोकू नका, लाकूड फाटतं. सांधा उघडा, जुना गोंद खरवडून काढा. जुन्या फर्निचरमध्ये अनेकदा सरस वापरलेला असतो, तो कोमट पाण्याच्या फडक्याने मऊ पडतो. लाकूड वाळल्यावर फेविकॉल लावून सांधा बसवा. शिकंजा नसेल तर पायांभोवती दोरी बांधा आणि तिच्यात काठी घालून पीळ द्या. आता पायांमधले दोन्ही कर्ण मोजा. समोरासमोरचे पाय सारख्या अंतरावर असून कर्ण समान आले तर स्टूल काटकोनात आहे, नसले तर हलवून नीट करा. एक दिवस हात लावायचा नाही.

पाय आखूड असेल तर बाकीचे तीन कापत बसू नका. एकेक कापता कापता स्टुलाचा पाट होतो! आखूड पायाखाली लाकडाची पातळ चकती चिकटवा.

मग पॉलिश पेपर : आधी 80 नंबर, मग 120, शेवटी 220, आणि नेहमी लाकडाच्या रेषांच्या दिशेने. वरून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या.

दोन धोके, नीट वाचा

पहिला धोका जुन्या रंगाचा. भारतात घरगुती रंगांतल्या शिशाचं प्रमाण 90 पीपीएमच्या आत ठेवण्याचा नियम 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच जास्त असू शकतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की मुलांच्या रक्तात शिशाचं सुरक्षित असं कोणतंही प्रमाण नाही. म्हणून जुना रंग असलेली वस्तू मुलांना कोरडी घासायला देऊ नका. धूळ नाकातोंडात जाते, बोटांना लागते. पाळणा, लाकडी खेळणी यांच्या बाबतीत तर अजिबात धोका पत्करू नका. सुरुवातीला बिनरंगाचं लाकूडच निवडा.

दुसरा धोका तेलाच्या फडक्यांचा. जवसाचं तेल वाळताना उष्णता निर्माण करतं. तेलाचे बोळे गोळा करून डब्यात टाकले तर ते आपोआप पेटू शकतात. फडकी मोकळ्या हवेत सुटी पसरून पूर्ण वाळवा किंवा पाण्यात भिजवून मगच टाका.

वर्गात आणि घरी

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 मध्ये सहावी ते आठवीसाठी दहा दप्तरविना दिवस सुचवले आहेत. त्यातले दोन दिवस या कामाला द्या. प्रत्येक वस्तूची एक ओळखपत्रिका बनवून घ्या : वस्तूचं नाव, कशाची बनली, कोणी वापरली, काय बिघडलं, आम्ही काय केलं, काय मुद्दाम तसंच ठेवलं. शेवटचा रकाना फार महत्त्वाचा. माहितीसाठी मुलांना आजी-आजोबांशी बोलू द्या. घंगाळ, बंब, ओगराळं, रोवळी, ठाणवई हे शब्द वस्तूबरोबरच परत येतात.

नवा उपयोग शोधतानाही घाई नको. घंगाळात कुंडी ठेवता येते, जुन्या शिडीचं पुस्तकांचं मांडणं होतं, चौकटीत फळा बसतो. पण भोक पाडायचं, कापायचं किंवा रंग फासायचा असेल तर आधी विचारा : हे उद्या उलटं फिरवता येईल का? येणार नसेल तर दोन दिवस थांबा.

पालकांनो, या सुट्टीत मुलांना घेऊन माळा उतरवा. एकच वस्तू निवडा. ती नव्यासारखी दिसावी असा हट्ट धरू नका, ती पुन्हा वापरात यावी एवढंच पाहा. आणि घासायला घेण्याआधी उजेडात नेऊन मुलाच्या हातात द्या आणि विचारा, “बघ बरं, यावर काही लिहिलंय का?”