उन्हाळ्याची सुट्टी आणि आजीची तुळस

वैशाखात नातवंडे घरी आली म्हणजे म्हाताऱ्या माणसाची दोन कामे वाढतात. एक, त्यांना कुठेतरी हिंडवून आणणे. आणि दुसरे, घरी असतील तेव्हा त्यांच्या हाताला काही काम देणे. यंदा आम्ही ही दोन्ही कामे एकत्र केली. शिकवायला गेलो आणि आम्हीच एक पाठ शिकून आलो. तोच वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आमच्या परसात दोन वाफे आहेत. एकात भेंडी-गवार, दुसऱ्यात मेथी. शिवाय एका जुन्या डब्यात तुळस. ही तुळस नातवंडांच्या आजीने लावलेली. दर आषाढीला ती डोक्यावर वृंदावन घेऊन आमच्या दिंडीत चालायची. तिला जाऊन तीन वर्षे झाली. यंदा तुळस पिवळी पडू लागली. पाणी रोज घालीत होतो, तरी पाने गळत. आम्ही मनात म्हटले, हीही निघाली. आमचे गुडघेही तसेच. एकतीस वाऱ्या पायी झाल्या. पण यंदा वैद्यांनी चालायला साफ मनाई केली होती. ते दुःख आम्ही कोणाला बोलून दाखवले नव्हते.

नातवंडांना म्हटले, "चला, संतांची झाडे बघून येऊ." तेव्हा धाकटा म्हणाला, "आजोबा, मग आपल्या झाडांना पाणी कोण घालणार?" प्रश्न खरा होता. आम्ही त्यांना जुनी युक्ती दाखवली. रंग न दिलेले मातीचे मडके भेंडीच्या वाफ्यात गळ्यापर्यंत पुरले, पाण्याने भरले, वर झाकण ठेवले. भोवतालची माती सुकेल तसतसे मडक्याच्या अंगातून पाणी झिरपते आणि मुळांना मिळते. वरून ओतलेले बरेच पाणी उन्हाने उडून जाते, ते इथे वाचते. मेथीच्या वाफ्यासाठी मडके उरले नाही. तुळशीचा डबा सावलीत ठेवला आणि शेजारच्या वहिनींना तेवढे बघायला सांगून एस.टी.त बसलो. ७५ वर्षांवरील म्हाताऱ्यांना २०२२ सालापासून एस.टी.चे तिकीट माफ झाले आहे, त्यामुळे नातवंडांना भारी गंमत वाटली. "आजोबा फुकट, आम्ही अर्धे!"

आळंदीला इंद्रायणीत पाय धुऊन माउलींचे दर्शन घेतले आणि अजानवृक्षाखाली बसलो. तिथे मुलांना नाथांची कथा सांगितली. माउलींनी समाधी घेतली ती १२९६ साली. पुढे सुमारे तीनशे वर्षांनी एकनाथ महाराजांचा कंठ दुखू लागला. माउली स्वप्नात आले आणि म्हणाले, अजानवृक्षाची मुळी कंठाला लागली आहे, ती येऊन काढ. नाथ आळंदीला आले, त्यांनी ती मुळी दूर केली. नात कान देऊन ऐकत होती. एकदम म्हणाली, "आजोबा, आपल्या तुळशीचंही मूळच अडकलं असेल का हो?" आम्ही हसून सोडून दिले.

देहूला नांदुरकीचा वृक्ष पाहिला. बीजेच्या दिवशी भर दुपारी तिथे फुले उधळतात. पंढरीत चंद्रभागेचे स्नान, नामदेव पायरीला आणि चोखोबांच्या समाधीला दंडवत, मग सावळ्या विठूचे दर्शन. राउळातच कान्होपात्रेचे तरटीचे झाड आहे. नातू म्हणाला, "प्रत्येक संताजवळ एक झाड आहेच की!"

शेवटी माढा तालुक्यातील अरण. सावता महाराजांचे गाव. त्यांनी तिथेच १२९५ साली देह ठेवला. सावतोबा माळी होते. मळ्यातली भाजी हाच त्यांचा देव. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत, तर पंढरीनाथच त्यांच्या भेटीला मळ्यात आला, असे संप्रदाय सांगतो. म्हणूनच इतर संतांच्या पालख्या पंढरीला जातात आणि पांडुरंगाची पालखी अरणला येते, ही परंपरा आहे. हे आम्ही मुलांना सांगत होतो खरे. पण सांगता सांगता आमचाच गळा दाटून आला. ही कथा आम्ही कीर्तनात किती वेळा ऐकली असेल! तेव्हा पाय धड होते, म्हणून ती आपल्यासाठी आहे असे कधी वाटलेच नाही.

सहा दिवसांनी घरी आलो. भेंडी टवटवीत होती, मेथी मात्र पार वाळली होती. नातू हिरमुसला. आम्ही म्हटले, "बाळ, चूक आपली. नेम एका वाफ्याला लावला, दुसऱ्याला नाही." नित्यनेमाचेही असेच आहे. एकादशीला घागरभर ओतायचे आणि बाकी पंधरवडा कोरडा ठेवायचा, याने मूळ जगत नाही. रोज थोडे झिरपावे लागते. हरिपाठ म्हणजे ते पुरलेले मडके होय.

मग नातीच्या हट्टाने संध्याकाळी तुळस डब्यातून काढली. पाहतो तर काय, मुळ्यांनी आतल्या आत वेटोळी घालून माती गिळून टाकली होती! पोरीचे खरे ठरले. वेटोळी हलक्या हाताने सोडवली, सुकलेल्या मुळ्या कापल्या. माती, कुजलेले शेणखत आणि थोडी वाळू कालवून मोठ्या कुंडीत लावली. बुडाला भोक ठेवले, म्हणजे पाणी साचत नाही. सगळा जोर बियांकडे जाऊ नये म्हणून मंजिऱ्या खुडल्या. आठ दिवस सावलीत ठेवली. खुडलेल्या दोन कोवळ्या फांद्या पाण्यात ठेवल्या, त्यांना पंधरा दिवसांत पांढरी मुळे फुटली. तुळस मरत नव्हती, तिला जागा पुरत नव्हती. आमचेही तेच झाले होते. एकतीस वर्षांच्या अभिमानाने वेटोळे घातले होते. 'आम्ही चालतो' यातला 'आम्ही' कंठाशी आला होता.

ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींची पालखी आळंदीहून निघाली. आमच्या दिंडीत यंदा सूनबाई चालल्या. त्यांच्या डोक्यावरच्या वृंदावनात आजीच्या तुळशीची तीच फांदी होती. निरोप देताना डोळे भरले, ते लपवले नाहीत. दुसरी फांदी नात शहरात आपल्या गॅलरीत घेऊन गेली.

आम्ही घरी आहोत. सकाळी वाफ्यांना पाणी, संध्याकाळी तुळशीपुढे हरिपाठ. मेथी पुन्हा पेरली, यंदा मडक्यासह. ज्यांचे पाय थकले असतील त्या माउलींना एवढेच सांगणे, की पाय थांबले म्हणून वारी थांबत नाही. आपल्या अंगणात एक रोप लावा, नातवंडांच्या हातून त्याला पाणी घाला आणि मुखाने नाम घ्या. अरणला जो आला, त्याला आपले घर काही लांब नाही.

पुंडलीक वरदा हरि विठ्ठल!