आवाज रेकॉर्ड करण्याआधी : गाणं समाजात काय काम करतं?



दिवाळीच्या सुट्टीत माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. चौथीपर्यंत माझ्याच वर्गात होता. पट्टी, डबा, बेंच, हाताला लागेल ते वाजवायचा आणि माझा ओरडा खायचा. आता तो शहरात साउंड प्रॉडक्शन शिकतोय. सोबत त्याचे वडील होते, जरा वैतागलेलेच. म्हणाले, "मॅडम, तुम्हीच समजवा याला. एवढी फी भरून मशीन शिकायला पाठवला, तर तिथं 'संगीत आणि समाज' असा विषय आहे म्हणे! प्रोजेक्ट काय, तर गावातलं एक गाणं रेकॉर्ड करायचं आणि ते समाजात काय काम करतं ते लिहायचं. याच्यावर नोकरी मिळणार आहे का?"

खरं सांगते, त्या वेळी माझ्याकडेही नीट उत्तर नव्हतं. ते मला पुढच्या चार दिवसांत त्या मुलाच्या आजीच्या जात्यापाशी मिळालं. आजचा पाठ त्याच उत्तराचा आहे.

साउंडचा विद्यार्थी नेमकं काय शिकतो?

आपल्याला वाटतं, बटणं दाबायला शिकतो. तसं नाही. माइक कोणता घ्यायचा, तो तोंडापासून किती लांब ठेवायचा, कोणता आवाज वर आणायचा, कोणता दाबायचा, कोणता पूर्ण काढून टाकायचा, हे तो शिकतो. म्हणजे त्याचं खरं काम निवडीचं आहे. गाणं कुठलं आणि गोंगाट कुठला, हे मशीन ठरवत नाही, माणूस ठरवतो. आणि ते ठरवायचं तर हे गाणं कोण गातं, कुणासाठी गातं, कशासाठी गातं, हे आधी कळायला हवं.

त्या मुलाच्या वहीत एक चांगला मुद्दा होता. ॲलन मेरियम या अमेरिकन अभ्यासकाने १९६४ साली संगीताच्या मानवशास्त्रावर पुस्तक लिहिलं. त्यात तो संगीताचा 'उपयोग' आणि संगीताचं 'कार्य' असा फरक करतो. गाणं कोणत्या प्रसंगी वापरलं जातं, हा उपयोग. त्यामुळे माणसांच्या जगण्यात काय घडतं, हे कार्य. भावना मोकळ्या करणं, मनोरंजन, संवाद, रीतिरिवाज टिकवणं, माणसं एकत्र आणणं अशी दहा कार्यं तो सांगतो.

आपल्याकडची उदाहरणं बघा. अंगाईचा उपयोग बाळाला झोपवायला. पण बाळाच्या कानावर पहिली भाषा पडते तीही अंगाईतूनच, आणि दिवसभर राबलेली आई त्यातच आपलंही मन हलकं करते. पोवाड्याचा उपयोग वीराची कथा सांगायला. पण महात्मा फुल्यांनी १८६९ साली शिवाजी महाराजांवर पोवाडा लिहिला, तेव्हा तो शेतकऱ्या-कष्टकऱ्यांच्या नजरेतून इतिहास सांगायला लिहिला. पुढे १९४४ साली अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी लाल बावटा कलापथक काढलं. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत या शाहिरांनी मैदानं जागी ठेवली. सगळ्यांनाच काही पेपर वाचता येत नव्हता, पण शाहिराचं गाणं सगळ्यांना कळत होतं. हे झालं कार्य.

आजी अडली तेव्हा

आता त्या मुलाच्या प्रोजेक्टकडे येऊ. त्याने आजीच्या जात्यावरच्या ओव्या निवडल्या. कॉलेजातून चांगला माइक आणला होता. आतली खोली निवडली, पंखा बंद केला, दाराला गोधडी लावली, आजीला खुर्चीवर बसवलं. मीही उत्सुकतेने गेले होते. सगळी शांतता झाली. तो म्हणाला, "हं आजी, म्हण."

आजीने दोन ओव्या म्हटल्या आणि अडली. तिसरी आठवेना. घसा खाकरला, पाणी प्यायली, पुन्हा तेच. मुलगा हिरमुसला. म्हणाला, "मॅडम, हिला आता आठवत नाही बहुतेक."

आजीच बोलली, "आठवतंय रे समदं. पर जातं वढल्याबिगर ओवी येत नाय, पोरा. हात रिकामा ठेवून कसं गाऊ?"

दुसऱ्या दिवशी पहाटे पडवीत जातं मांडलं. शेजारची एक काकू समोर बसली. दोघींनी खुंटा धरला, आजीने घास टाकला, जातं फिरायला लागलं. आणि ओव्या सुरू झाल्या. भावाची, माहेराची, पंढरीच्या वाटेची, लेकीच्या सासरची. एक ओवी संपायच्या आत दुसरी. आजी अडली की काकू उचलायची. पाऊण तास झाला तरी थांबेनात.

मुलाच्या तेव्हा लक्षात आलं. ओवीची लय जात्याच्या फेऱ्यात आहे. दमाला थांबायची जागा घास टाकण्यात आहे. समोर दुसरी बाई आहे म्हणून गाणं पुढे जातं. आतल्या खोलीत त्याने गोंगाट म्हणून जे जे काढून टाकलं होतं, त्याच्यावरच गाणं उभं होतं.

ओवीचा उपयोग दळण हलकं करायला. आणि कार्य? सासरच्या घरात मोठ्याने बोलता येत नाही ते त्या पहाटेच्या अंधारात जात्याला सांगता यायचं. घरातले झोपलेले असायचे, आणि कुणी जागं असलं तरी जात्याच्या घरघरीत शब्द अर्धे बुडायचे. बाईला बोलायची तीच एक हक्काची जागा होती.

यंत्र आलं की गाणं बदलतं

वीजेवरची गिरणी गावात आली आणि बायांच्या खांद्यांवरचं मोठं ओझं उतरलं. ते चांगलंच झालं, त्यात वादच नाही. पण दळण गेलं तशी ओवीही गेली. गाणं कामाला बांधलेलं असलं की काम संपल्यावर गाणं आपोआप शिल्लक राहत नाही. ते कुणीतरी मुद्दाम राखावं लागतं.

तसं राखणारे लोक आपल्याकडे झाले. लिहिता-वाचता न येणाऱ्या बहिणाबाई चौधरींची गाणी त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, जपली म्हणून ती १९५२ साली, त्या गेल्यानंतर, पुस्तकरूपाने आली. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी खेड्यापाड्यांत फिरून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. १९९० च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साथीने त्यातल्या कित्येक टेपवर रेकॉर्डही झाल्या. २०१७ पासून 'पारी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या ऐकायला मिळतात. तिथे गाणारीचं नाव आणि गाव दिलेलं असतं. मला हे फार महत्त्वाचं वाटतं. लोकगीत म्हटलं की आपण गाणारणीचं नाव विसरूनच जातो.

रेकॉर्डिंगचं यंत्र तर गाण्याला थेट हात लावतं. १९०२ साली कोलकात्यात गौहर जान यांचं गाणं तबकडीवर घेतलं गेलं. तबकडीवर साधारण तीन मिनिटंच मावायची. तासभर रंगणारा राग तीन मिनिटांत बसवावा लागला! पुढे विजेवरचा माइक आला आणि हळू आवाजात, कानाशी गुणगुणल्यासारखं गाता यायला लागलं. त्याआधी मागच्या रांगेपर्यंत पोहोचेल असाच गळा लागायचा. १९८० च्या दशकात कॅसेट स्वस्त झाली आणि मोठ्या कंपन्यांनी ज्यांना विचारलं नसतं असे गावोगावचे भजनी, भीमगीतं गाणारे, लोकगीतं गाणारे घराघरांत पोहोचले. म्हणजे यंत्र बदललं की कुणाचा आवाज ऐकू येणार हेही बदलतं. साउंडच्या विद्यार्थ्याने समाज का शिकायचा, त्याचं हे एक कारण.

ती एक ओवी

आता पाठातला सगळ्यात अवघड भाग. रेकॉर्डिंग संपत आलं होतं तेव्हा आजीने एक ओवी म्हटली. तिच्या स्वतःच्या गेलेल्या लेकीची. काकूने जातं थांबवलं नाही, फक्त हळू केलं. सगळ्या पाऊण तासात तोच आवाज सर्वांत सुंदर आला होता. मुलाने रात्री तो तुकडा मला ऐकवला. त्याचे डोळे चमकत होते. म्हणाला, "मॅडम, हाच सबमिट करतो."

सकाळी आजीला विचारलं. आजी म्हणाली, "ती ऱ्हाऊ दे घरातच. ती म्या तुला नाय सांगितली, जात्याला सांगितली."

प्रोजेक्ट द्यायला तीन दिवस उरले होते. मुलगा दिवसभर गप्प होता. मीही त्याला काही सांगितलं नाही, कारण माझंही मन दोन्हीकडे ओढत होतं. एकदा वाटायचं, एवढं चांगलं गाणं जगापुढे यायला हवं. लगेच वाटायचं, ते आहे कुणाचं? शेवटी त्याने ती ओवी काढली आणि अहवालात लिहिलं, की गाणारीच्या इच्छेने एक ओवी दिलेली नाही, कारण ती बाहेरच्या कानांसाठी नव्हती. मला वाटतं, त्या विषयात शिकण्यासारखं होतं ते त्या एका वाक्यात आलं.

आमचीही एक चूक

हे लिहिताना मला आमच्याच स्नेहसंमेलनाची आठवण होतेय. 'लोकपरंपरा' म्हणून मी मुलींना नऊवारी नेसवून, थर्माकोलच्या जात्यावर, डीजेवरच्या रिमिक्स ओवीवर नाचवलं होतं. स्पीकर इतका मोठा की पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या बाया कानावर पदर धरून बसल्या होत्या. ज्यांनी आयुष्यभर ओव्या गायल्या त्यांनाच आम्ही ऐकायला बसवलं आणि वर त्यांचे कानही दुखवले. एकीला तरी स्टेजवर बोलवावं, हे मला सुचलं नाही.

पालकहो, आवाजाच्या मोठेपणाचंही जरा सांगते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे राहत्या वस्तीत दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. डेसिबलचं गणित साध्या बेरजेचं नाही. १० डेसिबल वाढले की आवाजाची तीव्रता दहापट होते. ८५ डेसिबलमध्ये आठ तास काम करणं ही कानांसाठी मर्यादा मानतात, आणि १०० डेसिबलला तीच मर्यादा साधारण पंधरा मिनिटांवर येते. मिरवणुकीत स्पीकरच्या भिंतीपुढे नाचणारी आपली मुलं किती वेळ असतात, तुम्हीच मोजा. ती भिंत लावणाराही कुणाचा तरी विद्यार्थीच असतो.

वर्गात आणि घरी काय करता येईल?

१. पाच मिनिटं ऐकणे. परिपाठानंतर डोळे मिटून ऐकू येणारे सगळे आवाज मुलांनी वहीत लिहायचे. मग विचारायचं, यातला गोंगाट कोणता? तुझा गोंगाट दुसऱ्या कुणाचं काम तर नाही ना?

२. गाण्यांची वही. मुलांनी आजी-आजोबांना विचारून रकाने भरायचे : गाणं कोणतं, कोण गायचं, कोणतं काम करताना, सोबत कोण असायचं, आता गातात का, नसेल तर का थांबलं. तिसरी-चौथीची मुलं हे छान करतात. लावणी-पेरणीची गाणी, हादगा-भोंडल्याची गाणी, वासुदेव, भारूड, बरंच काही निघतं.

३. दोन ठिकाणी रेकॉर्डिंग. एकच गाणं मोबाइलवर एकदा बंद खोलीत आणि एकदा कामाच्या जागी घ्यायचं. दोन्ही ऐकवून फरक मुलांकडूनच काढून घ्यायचा. आपण आधी सांगायचं नाही.

४. आधी विचारणे. रेकॉर्ड करण्याआधी "घेऊ का?" आणि नंतर "कुणाला ऐकवू का?" असे दोन वेगळे प्रश्न विचारायचेच. नाव, गाव, तारीख लिहायची. 'नाही' म्हटलं तर पुसून टाकायचं. हातात मोबाइल असलेल्या प्रत्येक मुलाला हा धडा आजच हवा आहे.

वडिलांचं उत्तर

प्रोजेक्ट पुरा करताना त्या मुलाने जात्याची घरघर कमी करायला घेतली होती. शब्द स्पष्ट ऐकू यावेत म्हणून. खालचा जाड आवाज एका फिल्टरने कापता येतो. कापलेलं आणि न कापलेलं, दोन्ही त्याने वडिलांना हेडफोनवर ऐकवलं. वडिलांनी पहिलं ऐकलं, "चांगलंय" म्हणाले. दुसरं ऐकलं आणि हेडफोन काढेचनात. मग म्हणाले, "हे ठेव. मी लहानपणी या आवाजात झोपलोय. आईच्या मांडीवर डोकं असायचं आणि ही घरघर अंगात उतरायची."

मुलाने घरघर ठेवली. मात्र शब्दही कळायला हवेत म्हणून माइकच्या दोन जागांचे आवाज नीट जुळवले. ते जुळवायला त्याला दोन रात्री लागल्या. मशीनचं शिक्षण तिथे कामी आलं. काय ठेवायचं हे मात्र मशीनने सांगितलं नव्हतं.

तर पालकहो, तुमचा मुलगा किंवा मुलगी साउंड शिकत असेल आणि 'समाज' हा विषय फुकटचा वाटत असेल, तर एकदा त्याला घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसासमोर माइक घेऊन बसवा. आणि शिक्षकमित्रांनो, यंदाच्या स्नेहसंमेलनात लोकगीत घेणार असाल, तर आधी गावातली एक गाणारी शोधा आणि तिलाच विचारा, हे कसं गायचं असतं?

मी विचारणार आहे. खुर्ची मात्र ठेवणार नाही. जातं मांडून ठेवीन.