स्तनार्बुदाच्या रुग्णेचा आहार : वर्ज्य काय यापेक्षा आवश्यक काय

स्तनाच्या कर्करोगाचे निदान झाले की रुग्णेच्या घरातून पहिला प्रश्न येतो, "आता काय खायचे नाही?" बीड जिल्ह्यातील रुग्णा उपचारासाठी अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय किंवा छत्रपती संभाजीनगरचे शासकीय कर्करोग रुग्णालय गाठतात. पथ्य मात्र त्या गावातल्या वैद्याला आणि औषधी दुकानदारालाच विचारतात. या प्रश्नाच्या उत्तरात एकेक पदार्थ वजा होत गेला, तर रुग्णेचे बल उपचार पूर्ण होण्याआधीच संपते.

सुश्रुताचार्यांनी निदानस्थानाच्या अकराव्या अध्यायात अर्बुद मांस व मेदाच्या आश्रयाने वाढणारे, स्थिर व न पिकणारे असे वर्णिले आहे. आहाराने ते विरघळत नाही, हे रुग्णेला प्रथमच स्पष्ट सांगावे. अमेरिकेत सुमारे तीन हजार रुग्णांच्या अभ्यासात एका गटाला उपचारानंतर भरपूर भाज्या, फळे व अल्प स्निग्धांश असा आहार देऊन सुमारे सात वर्षे निरीक्षण करण्यात आले. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार रोगाचे पुनरुद्भवन त्यामुळे घटले नाही. तेव्हा शस्त्रकर्म, केमोथेरपी व किरणोपचार सोसण्याइतके धातुबल टिकवणे, हेच आहाराचे कार्य होय. चरकोक्त आठ आहारविधिविशेषायतनांपैकी पुढील पाच येथे विशेष उपयुक्त आहेत.

राशि : उपचारकाळात प्रतिदिन शरीरभाराच्या दर किलोस १ ते १.५ ग्रॅम प्रथिने आवश्यक मानली जातात. ५० किलो वजनाच्या स्त्रीस किमान ५० ग्रॅम हवीत. २०० ग्रॅम ज्वारीच्या पिठाच्या भाकरी, ६० ग्रॅम डाळ, मूठभर शेंगदाणे व अर्धा लिटर दूध यांतून ती साधारणपणे मिळतात. अंडी खाणाऱ्या स्त्रीस एका अंड्यातून सुमारे ६ ग्रॅम मिळतात. "साखर बंद केली की गाठ उपाशी मरते" या समजुतीने भाकरी-भात सोडणाऱ्या स्त्रीची गाठ नव्हे, मांसधातू क्षीण होतो. क्षीण रुग्णेस लंघन देऊ नये. एकादशी किंवा श्रावणी सोमवार ती सोडणार नसेल, तर केवळ साबुदाण्याऐवजी राजगिरा, भगर, शेंगदाणे व दूध सुचवावे.

करण : केमोथेरपीत पांढऱ्या पेशी घटतात व जंतुसंसर्गाचे भय वाढते. पाणी उकळलेले, अन्न ताजे व पूर्ण शिजलेले असावे. उघड्यावरचे ताक, कापून ठेवलेली फळे व शिळे अन्न टाळावे. मुखपाक झाल्यास ठेचा व तिखट बंद करून मऊ खिचडी, ज्वारीच्या कण्या, वरण-भात थोडा थोडा अनेक वेळा द्यावा.

संयोग : हा भाग औषधी दुकानदारांनी विशेष लक्षात घ्यावा. नेदरलँड्समध्ये टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या १६ रुग्णांच्या अभ्यासात (२०१९) हळदीतील कर्क्युमिनच्या गोळ्यांमुळे या औषधाच्या कार्यकारी घटकाचे रक्तातील प्रमाण घटले. मिरीतील पायपरीन जोडल्यावर ते अधिक घटले. भाजीतील हळदीची चिंता नको. परंतु टॅमॉक्सिफेन चालू असताना हळदीच्या अर्काच्या गोळ्या किंवा त्रिकटुयुक्त कल्प रुग्णालयातील तज्ज्ञांना कळविल्याशिवाय देऊ नयेत. गिऱ्हाईक आले की चालू औषधांची चिठ्ठी पाहण्याची सवय लावावी.

सोयाबीन आपल्या जिल्ह्यात शेतोशेती पिकते, पण या रोगात त्याची धास्ती घेतली जाते. शांघाय येथील ५,०४२ स्त्रियांच्या अभ्यासात (२००९) सोयायुक्त अन्न घेणाऱ्यांमध्ये मृत्यू व पुनरुद्भवन दोन्ही कमी आढळले. अन्न म्हणून सोयाबीन वर्ज्य नाही. त्याच्या अर्काच्या गोळ्यांना मात्र हे प्रमाण लागू होत नाही.

उपयोक्ता : ऊसतोडणीला जाणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये आपल्याच जिल्ह्यातून पुढे आला. अशा रुग्णेचा पूर्वेतिहास अवश्य घ्यावा. अंडाशयही काढले असल्यास अस्थिक्षय लवकर सुरू होतो. त्यात लेट्रोझोलसारखे औषध चालू असेल, तर तो वाढतो. अशा स्त्रीचे दूध बंद करणे अहितकर आहे. दूध, तीळ व नाचणी आहारात ठेवावीत.

काल : उपचारकाळातील नियम पुढे तसेच चालवू नयेत. या रोगात उपचारानंतर अनेक स्त्रियांचे वजन वाढते आणि मेदोवृद्धी पुढील काळास हितकर नाही. तेव्हा तूप, लाडू व गोड अवलेह आवरून पालेभाज्या, कडधान्ये व रोजचे चालणे वाढवावे. मद्य पूर्णपणे वर्ज्य.

सारांश, पथ्याची यादी देण्यापूर्वी वैद्याने चार गोष्टी लिहून घ्याव्यात : रुग्णेचे वजन, चालू औषधे, उपचाराचा टप्पा आणि तिने आधीच काय सोडले आहे. वजन दर पंधरा दिवसांनी पाहावे. ते सतत घटत असेल, तर पथ्य शिथिल करून रुग्णेस विनाविलंब तिच्या रुग्णालयाकडे पाठवावे.